सेंट मार्टिन बेट: खरेदी आणि बेटदर्शनाची गाइडेड टूर घ्यावी का? (अनुभव आणि चर्चा)

रानजाई

गेल्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन फ्लोरिडाहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ केली. त्यात एक दिवस सेंट मार्टिन होतं. तिथे आम्ही ‘शॉपिंग आणि साइटसीइंग’ अशी साडेचार तासांची टूर घेतली. निघायच्या आधी मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं, हाती काही लागलं नाही. म्हणून हा धागा. मी माझं लिहिते, जाऊन आलेल्यांनी भर घालावी.

बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं, पण त्यावर देश दोन. दक्षिणेला डच सिंट मार्टेन, उत्तरेला फ्रेंच सँ मार्ताँ. १६४८ च्या तहाने झालेली ही वाटणी अजून टिकून आहे. बाबांची उभी नोकरी एसटीत गेली, त्यातली कितीतरी वर्षं मिरज-बेळगाव गाडीवर. त्यामुळे बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी गाइडबाईंना पहिला प्रश्न विचारला, “बॉर्डरचा नाका कुठे लागतो?” बाई म्हणाल्या, नाकाच नाही. आणि खरोखरच नव्हता. रस्त्याच्या कडेला एक दगडी स्तंभ आहे, तहाला ३०० वर्षं झाली म्हणून १९४८ साली उभारलेला. बाजूला झेंडे. ना फाटक, ना शिपाई. पाटीवरची भाषा बदलली आणि दुकानांतले भाव डॉलरवरून युरोवर गेले, तेवढ्यावरून देश बदलल्याचं कळलं. बाबा बराच वेळ खिडकीतून मागे वळून त्या स्तंभाकडे बघत होते.

गाइडबाई पन्नाशीच्या असतील. बस त्याच चालवत होत्या आणि बोलतही त्याच होत्या. वडील डच बाजूचे, आई फ्रेंच बाजूची. धक्क्यावरून निघून आधी कोल बेच्या चढावर थांबलो. तिथून सिम्प्सन बेचं सरोवर, विमानतळाची धावपट्टी आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर साबा बेटाचा सुळका दिसतो. आम्हाला दिसला. मग माहोचा किनारा, तिथून फ्रेंच बाजूचं मुख्य गाव मारिगो, सीमा, परत डच बाजूचं मुख्य गाव फिलिप्सबर्ग, आणि शेवटचा सव्वा तास फ्रंट स्ट्रीटवर खरेदीला.

मारिगोला आम्हाला पाऊण तास मिळाला. हा पाऊण तास मला उरलेल्या दिवसापेक्षा मोठा वाटतो. बंदरालगत उघड्यावर बाजार भरतो. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर मसाल्याच्या पुड्या मांडलेल्या होत्या आणि पिवळ्या पुडीवर ‘कोलंबो’ लिहिलेलं होतं. आईला इंग्रजी बेताचं, फ्रेंचचा तर प्रश्नच नाही. तिने पुडी हातात घेतली, नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि मला म्हणाली, “धणे, जिरं, हळद, मेथी आणि मोहरीसुद्धा आहे बघ. भाजून कुटलंय.” मग तिने हळदीने पिवळी झालेली आपली बोटं त्या बाईंना दाखवली. बाईंनीही आपली बोटं पुढे केली, तीही तशीच पिवळी. दोघी हसल्या. त्या चार युरोच्या पुडीसारखी खरेदी मी आजवर दुसरी केलेली नाही.

आता फ्रंट स्ट्रीट. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दागिने, घड्याळं, कॅमेरे आणि दारूची दुकानं, आणि प्रत्येक दारात बोलावणारा माणूस. आईला निळ्या टांझानाइटचं एक पेंडंट आवडलं. सांगितलेली किंमत ९५० डॉलर. “नको” म्हटलं तर ६००. उठलो तर ४८०. दाराशी पोचलो तर ४००. आईचा जीव त्यात अडकला होता, घेतलं. इकडे आल्यावर आमच्या ओळखीच्या सोनाराला दाखवलं. त्याने सांगितलं की खडा खरा आहे, पण रंग फिका आहे आणि हाच इथे साधारण अडीचशे डॉलरला मिळाला असता. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. ती रोज घालते.

माझं मत असं बनलंय की टूर जरूर घ्यावी, विशेषतः सोबत वडीलधारी माणसं असतील तर. पण ती बेट बघण्यासाठी घ्यावी. खरेदीसाठी वेगळी तयारी लागते आणि ती घरूनच करून निघावी लागते. तुमचं काय म्हणणं?

प्रवासी_पक्षी

छान लिहिलंय. पण मी टूरच्या विरोधात आहे. आम्ही दोघं गेलो तेव्हा गाडी भाड्याने घेतली आणि अख्खं बेट आपल्या मनाने फिरलो. दोन्ही बाजूंना उजवीकडूनच गाडी चालवतात, त्यामुळे अमेरिकेतून गेलेल्यांना अडचण येत नाही. फ्रेंच बाजूच्या ग्राँ काझ गावात हवं तितका वेळ जेवत बसलो. पंचवीस माणसांबरोबर घड्याळाकडे बघत फिरण्यात काय मजा?

तांडेल_७२

प्रवासी_पक्षी, तुमचा अनुभव खराच आहे, पण दुसरी बाजू सांगतो. मी रत्नागिरीकडचा, अकरा वर्षं क्रूझ जहाजांवर नोकरी केली. सेंट मार्टिनला किती वेळा उतरलो त्याची गणती नाही.

पहिली गोष्ट वेळेची. सेंट मार्टिनचं घड्याळ वर्षभर एकच असतं, हिवाळ्यात ते फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. मोबाइल मात्र किनारा लागताच आपणहून बदलतो. मग जहाजाच्या फलकावर साडेचार लिहिलेले असतात ते नक्की कुठले साडेचार, यावर माणसं गोंधळतात. उतरताना दारावरच्या माणसाला विचारा आणि हाताला साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेला लावलेलं.

दुसरी गोष्ट सिम्प्सन बेच्या पुलाची. सरोवरात होड्या जायला-यायला तो पूल दिवसातून ठरावीक वेळी उघडतो आणि तेवढा वेळ गाड्या जागच्या जागी. जहाजाकडून घेतलेली टूर अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. एकदा एक आजोबा मागे राहिले आणि त्यांची औषधं जहाजावर होती. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. जवान जोडप्याने गाडी घ्यावी. आईवडील असतील तर टूरच.

तिसरी गोष्ट खरेदीची, ही नीट वाचा. जहाजावर आदल्या दिवशी थिएटरमध्ये खरेदीवर एक भाषण होतं. नकाशा देतात, त्यावर काही दुकानं ठळक केलेली असतात, फुकट लॉकेटची कुपनं मिळतात. ती दुकानं नकाशावर असतात कारण त्यांनी जाहिरातीचे पैसे मोजलेले असतात. बोलणारा माणूसही बहुतेक वेळा जाहिरात करणाऱ्या कंपनीचा असतो. नकाशाच्या तळाला बारीक अक्षरात हे छापलेलंही असतं. त्याचा अर्थ ती दुकानं वाईट असा नाही. काही वस्तूंवर ठरावीक दिवसांची हमी मिळते, तिचा उपयोग होतो. पण नकाशावर नसलेलं दुकान फसवंच असणार, हे जे मनात भरवलं जातं ते चूक आहे.

रानजाई

तांडेल_७२, हे आधी माहीत असतं तर! आम्ही ते भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. आईने लॉकेटचं कुपन जपून पर्समध्ये ठेवलं होतं आणि त्याच कुपनासाठी आम्ही त्या दुकानात शिरलो.

चौकोनी_चिरा

रानजाई, तुमच्या आईला काहीच सांगू नका, चांगलं केलंत. मी मुंबईत जव्हेरी बाजारात वीस वर्षं आहे, रत्नांची परीक्षा हाच धंदा. थोडं टांझानाइटबद्दल लिहितो, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

हा खडा जगात एकाच ठिकाणी निघतो, टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याच्या मुलखात. १९६७ साली सापडला. मुळात बहुतेक खडे तपकिरी असतात, तापवल्यावर निळे-जांभळे होतात. तापवणं ही फसवणूक नाही, सगळेच तापवतात. किंमत ठरते ती रंगाच्या गडदपणावर. आणि हा रंग प्रकाशाप्रमाणे बदलतो. दुकानातल्या पिवळट दिव्याखाली तो जांभळा आणि भरीव दिसतो, उन्हात निळा आणि कधीकधी पार फिका. म्हणून खडा हातात घेऊन सरळ दाराबाहेर जायचं. बरोबर दुकानाचा माणूस येऊ दे, हरकत नाही. पाठीवर ऊन घ्यायचं, खडा सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि फिरवून बघायचा. जो दुकानदार बाहेर नेऊ देत नाही, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

दुसरं, हा नरम खडा आहे. हिऱ्याची कठीणता दहा धरली तर याची साडेसहाच्या आसपास. आपल्या घरातल्या धुळीत जे वाळूचे कण असतात त्यांची सात. म्हणजे अंगठीत घालून रोजची भांडी घासली, कणीक मळली तर चरे पडणारच. पेंडंट किंवा कानातलं घ्यावं, तुमच्या आईंनी ते बरोबर निवडलं. धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण. सोनाराकडच्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये मात्र घालू देऊ नका, तडकतो.

हिरे घ्यायला कॅरिबियनला कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून बाहेर जातात. तोच हिरा अर्धी पृथ्वी फिरून तिथे काचेत बसलेला असतो. प्रमाणपत्र स्वतंत्र प्रयोगशाळेचं असेल तरच त्याला कागद म्हणायचं. दुकानाने स्वतः छापलेला कागद म्हणजे पावती.

निशिगंधा_फुले

लारिमारबद्दल कुणी सांगेल का? मैत्रिणीने आणायला सांगितलंय. आकाशी रंगाचा, पांढऱ्या लाटा असलेला दगड.

चौकोनी_चिरा

तो डॉमिनिकन रिपब्लिकचा. तिथेच निघतो, दुसरीकडे कुठेही नाही. सेंट मार्टिनला विकतात, पण तो त्या बेटाचा दगड नाही. तोही नरमच, टांझानाइटहूनही नरम. चांदीत मढवलेला असतो तोच चांगला दिसतो. चांगला रंग म्हणजे गडद आकाशी आणि मध्ये स्पष्ट पांढऱ्या रेषा. हिरवट किंवा राखाडी असेल तर भाव निम्म्याखाली आला पाहिजे.

खाडीकाठ

दागिन्यांच्या चर्चेत एक वेगळी गोष्ट. रानजाई, तुम्ही फिलिप्सबर्गला गेलात तेव्हा गावाच्या मागचं मोठं तळं पाहिलंत का? ग्रेट सॉल्ट पाँड म्हणतात. ते मिठागर होतं.

मी उरणकडचा. आमची तिसरी पिढी, पण आजोबांचं आयुष्य आगरात गेलं. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा तिने आम्हाला याच बेटावर नेलं. बस तळ्याकडेच्या चौकात वळली आणि मी उभाच राहिलो. चौकात मीठ काढणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत. वाकलेली पाठ आणि गुडघ्याखाली पाय. हे मी लहानपणी रोज पाहिलंय. माझी आजी आजोबांच्या टाचांना रात्री खोबरेल तेल चोळायची. टाचांच्या भेगांत मीठ बसायचं आणि झोपेतही ते पाय ओढून घ्यायचे.

आमच्या गाइडने गाडी थांबवली. तो म्हणाला, सगळे मला दुकानं विचारतात, तुम्ही मीठ विचारताय. मग त्याने जे सांगितलं ते असं. हेरिंग मासा खारवायला डचांना मीठ लागायचं आणि स्पेनशी लढाई चालू असल्याने जुन्या जागांहून मिळेना, म्हणून १६३१ मध्ये ते या बेटावर आले. दोन वर्षांत स्पॅनिशांनी त्यांना हाकललं. परत मिळवायला १६४४ मध्ये डचांनी चढाई केली, त्यात तोफगोळा लागून त्यांच्या पुढाऱ्याचा पाय गेला. तो पुढारी म्हणजे पीटर स्टायव्हसंट, जो पुढे न्यू अॅम्स्टरडॅमचा म्हणजे आजच्या न्यू यॉर्कचा कारभारी झाला. हे सगळं मिठापायी. आणि ते मीठ फोडायचं, डोक्यावरून वाहून न्यायचं काम गुलामांचं, त्यात बायका किती तरी. आमच्याकडेही पाट्या बायकांच्याच डोक्यावर असायच्या. पण आमची माणसं संध्याकाळी आपल्या घरी यायची. हा फरक मी तिथे उभा राहून मनाशी कितीतरी वेळा म्हटला.

आज त्या तळ्यात भर टाकून रस्ते झालेत. आमच्याकडेही तेच झालं.

रानजाई

खाडीकाठ काका, वाचून थांबले. आमची बस त्याच चौकातून गेली. मी तेव्हा फोनवर पेंडंटच्या किमती बघत होते. बाईंनी “सॉल्ट पिकर्स” म्हटलेलं ऐकू आलं होतं, मान वर करेपर्यंत पुतळे मागे गेले.

आडवाट

रानजाई, तुमच्या बाबांच्या नाक्याच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, म्हणून लिहितो.

फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८४८ मध्ये रद्द केली. नेदरलँड्सने केली १८६३ मध्ये. मधली पंधरा वर्षं या एकाच बेटावर उत्तरेचा माणूस मोकळा आणि दक्षिणेचा गुलाम, आणि मध्ये ना भिंत ना चौकी. साहजिकच दक्षिणेची माणसं रात्री टेकडी ओलांडून जायला लागली. मग डच बाजूच्या मालकांना इलाज उरला नाही. कायदा बदलायच्या आधीच त्यांना आपल्या गुलामांना मोकळ्या मजुरांसारखं वागवावं लागलं. उघडी सीमा म्हणजे पर्यटकांना फोटो काढायची गंमत नाही, तिच्यावरून माणसं स्वातंत्र्याकडे चालत गेली आहेत.

गाइड लोक तहाची एक गोष्ट सांगतात, एक डच आणि एक फ्रेंच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्याने चालत निघाले आणि जिथे भेटले तिथे रेघ मारली, फ्रेंच जास्त चालला म्हणून त्याला जास्त जमीन. ती लोककथा आहे. ऐकायला गोड आहे, ऐकावी. पण तिथल्या गाइडला १८४८ बद्दल जरूर विचारा. एका चौकात वन-टेटे लोके हिचा पुतळाही आहे. पळून जाते म्हणून मालकाने तिचं एक स्तन कापलं आणि तरी ती पुन्हा पळाली, डोंगरात राहिली, अशी तिथली आठवण आहे. आमच्या गाइडने तिचं नाव घेताना डोक्यावरची टोपी काढली होती.

हिरवा_चुडा

मी कापडाबद्दल लिहू का? मारिगोच्या बाजारात लाल-पिवळ्या चौकटीचं सुती कापड सगळीकडे दिसतं. बाहुल्यांचे झगे, टेबलक्लॉथ, डोक्याचे रुमाल, सगळं त्याचंच. त्याला तिथे ‘मद्रास’ म्हणतात, आणि ते आपल्या मद्रासचंच नाव. अठराव्या शतकात इकडचं हातमागाचं कापड युरोपी व्यापाऱ्यांनी तिकडे नेलं आणि तिथल्या बायकांनी ते इतकं आपलंसं केलं की आज फ्रेंच कॅरिबियन बेटांचा तो सणासुदीचा पोशाख आहे. डोक्याला बांधायच्या गाठींना अर्थ असायचे, कोण लग्नाची आहे, कोण मोकळी आहे.

मी इचलकरंजीची, घरी माग होते. कापड हातात घेतलं की सूत बघायची सवय जात नाही. बाजारातलं बरंचसं यंत्रावरचं आणि पॉलिस्टर मिसळलेलं असतं. उलट बाजू बघा. रंगवलेल्या सुताने विणलेल्या चौकटी दोन्ही बाजूंना सारख्याच उठतात, छापलेल्या असतील तर मागून फिक्या दिसतात. मी हात फिरवून फिरवून एक सुती तुकडा निवडला, दोन मीटर. त्याचा नातीला परकर शिवला.

प्रवासी_पक्षी

कोलंबो मसाल्याचंही असंच ना? तोही आपल्याकडूनच गेलेला?

आडवाट

हो. गुलामगिरी गेल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८५३-५४ पासून फ्रेंचांनी मार्तिनिक आणि ग्वादलूपला हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली, पाँडिचेरी-कारैकालच्या बाजूची, मुख्यतः तमिळ. मसाला त्यांच्याबरोबर गेला आणि मग सगळ्या फ्रेंच बेटांवर पसरला. नाव कोलंबो शहरावरून पडलं. त्यात बोकडाचं मटण करतात, आमचं जेवणच ते होतं. रानजाईंच्या आईंनी नुसत्या वासावरून ओळखला, याचं मला फार बरं वाटलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घटक हरवले नाहीत.

कंदील_पुष्प

धागा सकाळपासून वाचतेय. मला पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन जायचंय. त्या शुद्ध शाकाहारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. टूरमध्ये चालणं किती? खायचं काय? आणि व्हिसाचं काही वेगळं करायचं असतं का? त्यांचा भारतीय पासपोर्ट आहे.

रानजाई

कंदील_पुष्प, चालणं फार नाही. बसमधून चढ-उतार चार-पाच वेळा. मारिगोला वर फोर्ट लुई आहे, १७८९ चा किल्ला, वरून दृश्य सुंदर म्हणतात, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. आई खाली बाजारात थांबली, बाबा अर्ध्यातून परत आले. सासूबाईंना खालीच ठेवा. धक्क्यापासून फिलिप्सबर्गपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात, उन्हात नको. छोटी बोट मिळते, ती थेट गावाच्या किनाऱ्यावर सोडते, तिने जा.

तांडेल_७२

खाण्याचं मी सांगतो. गयाना आणि त्रिनिदादची बरीच माणसं तिथे राहतात, त्यांच्या रोटीच्या टपऱ्या आहेत. ‘चना-आलू रोटी’ म्हणून मागा. मोठी पातळ पोळी, आत हरभऱ्याची बटाट्याची भाजी, घडी करून देतात. पण मांसाची भांडी शेजारीच असतात, सासूबाईंना ते चालत नसेल तर जहाजावरून पोटभर नाश्ता करून उतरा आणि बरोबर सुका खाऊ ठेवा. जॉनी केक म्हणून तळलेली छोटी भाकरीसारखी पुरी मिळते, ती लोण्यातली की चरबीतली ते विचारून घ्या.

व्हिसाचं महत्त्वाचं: अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे आजच पासपोर्ट उघडून बघा. जहाज परत फ्लोरिडाला लागतं तेव्हा तो अमेरिकेतला नवा प्रवेश धरतात. बाकी बेटांचं क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

निशिगंधा_फुले

माहोच्या किनाऱ्यावर विमानं खरंच इतकी डोक्यावरून जातात?

प्रवासी_पक्षी

जातात. धावपट्टी जिथे सुरू होते तिथेच समोर रस्ता आणि रस्त्याला लागून वाळू. उतरणारं विमान बघायला काही धोका नाही, अंगावर शहारा येतो एवढंच. धोका उडणाऱ्या विमानाचा. इंजिनाचा झोत मागे कुंपणावर येतो आणि लोक ते कुंपण धरून उभे राहतात. २०१७ साली तिथे एक बाई अशाच फेकल्या जाऊन मरण पावल्या. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत. मुलांचा हात सोडू नका आणि कुंपणाजवळ फोटोसाठी जाऊच नका. पूर्वी तिथे मोठी जंबो विमानं उतरायची, ती २०१६ पासून बंद झाली.

हिरवा_चुडा

त्याच वर्षी, २०१७ च्या ६ सप्टेंबरला, इर्मा चक्रीवादळ गेलं बेटावरून. आमच्या गाइडने स्वतःचं घर दाखवलं, छप्पर नवीन पत्र्याचं. म्हणाली, आम्ही सहाजण न्हाणीघरात बसलो होतो, कारण तेवढीच खोली काँक्रीटच्या छताची. बसमधलं कुणी बोललं नाही. सरोवराच्या कडेला मोडक्या होड्या आम्हाला दिसल्या, त्यांचे फोटो मात्र सगळ्यांनी काढले. मला ते आवडलं नाही. बाईंनी बोलायला तोंड उघडलं होतं आणि माणसं खिडकीकडे वळली होती.

गाइडला उतरताना हातात पैसे द्या. आम्ही चौघांचे मिळून तीस डॉलर दिले. सुटे डॉलर चालतात, फ्रेंच बाजूलाही बहुतेक घेतात.

कंदील_पुष्प

ताई, काका, सगळ्यांचे आभार. सीमाशुल्काचं काही? सासूबाईंना मुलींसाठी काही घ्यायचंय.

चौकोनी_चिरा

बेट मुक्त बंदर आहे, १९३९ पासून. तिथे जकात नाही म्हणून ‘ड्यूटी फ्री’. पण दुकानदार तो फायदा तुम्हाला देईलच असं नाही. निघायच्या आधी घरी बसून त्याच वस्तूची किंमत लिहून घ्या, मॉडेल नंबरसकट. अमेरिकेत राहणाऱ्यांना परत येताना माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नाही. सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या असतील तर ही ८०० ची सवलत त्यांना लागू होत नाही, म्हणून मोठी खरेदी तुमच्या नावावर, पावतीसकट. आणि कासवाच्या पाठीच्या बांगड्या, फण्या कुणी दाखवल्या तर हातही लावू नका. त्यावर बंदी आहे, जप्त होतात.

साध्या भेटवस्तूंसाठी बॅक स्ट्रीटला जा, फ्रंट स्ट्रीटच्या मागची गल्ली. तिथली माणसं स्वतःची खरेदी तिथे करतात.

खाडीकाठ

एक सांगू का, फ्रंट स्ट्रीटवर दुकानदार बरेच सिंधी आहेत, हिंदीत बोलतात. एकाकडे मी नुसता पाणी प्यायला थांबलो. त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, आजोबा कराचीहून मुंबईला आले, वडील मुंबईहून इथे. उल्हासनगरला त्याची आत्या आहे. मी काही घेतलं नाही, त्यानेही विचारलं नाही. त्याला आंब्याच्या लोणच्याची आठवण येत होती. सगळ्यांना एका मापाने मोजू नये म्हणून लिहिलं.

रानजाई

काका, बरं झालं लिहिलंत. मी त्या एका पेंडंटवरून अख्ख्या रस्त्यावर राग धरून होते.

आज आईशी फोनवर बोलले. तिला मिठागराचं आणि १८४८ चं वाचून दाखवलं. बाबा मागून म्हणाले, “म्हणूनच नाका नव्हता होय.” नंतर बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. मग आईने सांगितलं की कोलंबोची पुडी संपत आली आहे, तिने तो मसाला भरल्या वांग्यात घातला होता आणि शेजारच्या काकूंनी कृती मागितली आहे.

कंदील_पुष्प, तुमचं जहाज कुठल्या वारी तिथे लागतंय?

कंदील_पुष्प

बुधवारी. का?

रानजाई

मग नशीब काढलंत. मारिगोचा मोठा बाजार बुधवारी आणि शनिवारी असतो. सकाळची टूर घ्या, ऊन चढल्यावर मसालेवाल्या बाया आवरायला लागतात. पिवळ्या पुड्यांचं टेबल पाण्याच्या बाजूला होतं. जमलं तर माझ्यासाठी दोन पुड्या आणा, मी पोस्टाचे पैसे पाठवते. व्यनि (खासगी निरोप) करते.